सोनं रोळायचा पहिला संच : गॅरेटचा हिरवा १४ इंची पॅन आणि त्याच्यासोबतची अवजारं

तांदूळ रोळताना ज्यांनी नीट पाहिलंय, त्यांना नदीतलं सोनं कसं काढतात हे निम्मं आधीच माहीत असतं. भांड्यात तांदूळ आणि भरपूर पाणी घ्यायचं, भांडं हलवत पाण्याच्या लाटेबरोबर तांदूळ पुढे सोडत जायचं. खडे जड, म्हणून ते तळाशी राहतात. सोन्याचंही असंच, फक्त इथे वाहून जातं ते टाकायचं आणि तळाशी उरतं ते ठेवायचं. सोनारांच्या पेढीपुढची धूळ धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे होतेच. त्यांचं कसब आणि हा छंद एकाच तत्त्वावर उभे आहेत.

परीक्षण आहे ते नवशिक्यांसाठी मिळणाऱ्या पॅन-संचाचं: गॅरेटचा हिरवा प्लास्टिकचा १४ इंची 'ग्रॅव्हिटी ट्रॅप' पॅन, आणि अशा संचांत सोबत येणारा छोटा पॅन, चाळणी, स्नफर बाटली (बारीक कण ओढून घ्यायची), चिमटा आणि कुप्या. गॅरेट ही टेक्सासमधल्या गार्लंडची मेटल डिटेक्टर बनवणारी कंपनी, आणि या पॅनचा मूळ आराखडा रॉय लगाल या अनुभवी प्रॉस्पेक्टरचा, म्हणजे सोनं शोधणाऱ्याचा. संचाच्या आवृत्त्या निरनिराळ्या आहेत, त्यामुळे खोक्यात नेमकं काय आहे ते वाचूनच घ्या. इथे प्रत्येक वस्तूबद्दल स्वतंत्र लिहिलंय, म्हणजे सुटं घ्यायचं की संच, हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

सगळं लिहिलंय ते ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य डोळ्यांपुढे ठेवून. भारतात खाण व खनिज कायदा (१९५७) परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेऊ देत नाही, त्यामुळे हौस म्हणून नदीवर जाऊन बसण्याची सोय महाराष्ट्रात नाही. व्हिक्टोरियात मात्र ही सोय सामान्य माणसाला आहे, आणि मेलबर्नची मराठी घरं पाहुण्यांना बॅलराटच्या सॉव्हरिन हिलला, म्हणजे जुन्या सोनखाणीच्या गावाच्या प्रतिकृतीला, घेऊन जातातच. तिथल्या ओढ्यात पॅन हातात धरला, चार चमकते कण मिळाले आणि गोडी लागली, अशी सुरुवात बऱ्याच जणांची होते. पुढचं पाऊल टाकताना काय घ्यावं, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

संचाच्याही आधी घ्यायचा तो कागद: 'मायनर्स राइट'. तीसेक डॉलरच्या आतबाहेर फी, मुदत १० वर्षं, आणि ऑनलाइन मिळतो. नाव जुनं आहे. १८५१मध्ये व्हिक्टोरियात सोन्याची धाव सुरू झाली, तेव्हा सोनं मिळो न मिळो, खणणाऱ्याला महिन्याला ३० शिलिंग परवाना-फी भरावी लागे. त्या जाचाविरुद्ध बॅलराटला ३ डिसेंबर १८५४ रोजी युरेका स्टॉकेडचा संघर्ष झाला, आणि १८५५मध्ये वर्षाला एक पौंडाचा मायनर्स राइट आला. आज तो खिशात असला की परवानगी असलेल्या सरकारी जमिनीवर हाताच्या अवजारांनी शोध घेता येतो आणि सापडलेलं सोनं तुमचं असतं. खोदायला यंत्र चालत नाही. खासगी जमिनीवर मालकाची संमती लागते. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत आणि ठरावीक नद्या-ओढ्यांत मनाई आहे, आदिवासींच्या वारशाच्या खुणांना हात लावायचा नाही, आणि खणलेला खड्डा निघण्यापूर्वी बुजवायचाच. कुठे चालतं आणि कुठे नाही, ते राज्य सरकारच्या 'जिओव्हिक' नकाशावर दिसतं. जायच्या आधी ती जागा नकाशावर शोधून पाहा. 'तिथे सगळे करतात' यावर विसंबू नका.

आता पॅन. १४ इंच हा व्यास नवशिक्याला बरोबर बसतो. १६-१७ इंची पॅन एका फेरीत जास्त माल घेतो, पण ओल्या वाळूसकट तो पाण्यात धरून हलवताना अर्ध्या तासात मनगट भरून येतं, आणि थकलेला हात घाई करतो. घाईत सोनं जातं. १० इंची पॅन मुलांना आणि शेवटच्या साफसफाईला ठीक. त्यानेच दिवसभर काम करायचं म्हटलं तर माल फार कमी निघतो.

या पॅनच्या एका बाजूच्या भिंतीला आडव्या, खोल खाचा आहेत. त्यांना रिफल म्हणतात. खाचेची कड पाण्याच्या दिशेला जवळपास काटकोनात उभी असते, म्हणून वाळू तिच्यावरून उडी मारून जाते आणि जड कण कडेखाली अडकतात. जुन्या लोखंडी पॅनची भिंत गुळगुळीत असते. त्यात सोनं राखणं हे सर्वस्वी हाताच्या कसबावर असतं. रिफल त्या कसबाची उणीव काही अंशी भरून काढतात, हाच या पॅनचा नवशिक्याला खरा फायदा. एक चूक मात्र वारंवार दिसते: पॅन फिरवता फिरवता रिफलची बाजू पोटाकडे येते आणि वाळू गुळगुळीत बाजूने सोडली जाते. दर वेळी कलता करण्यापूर्वी एक नजर टाका, खाचा आपल्यापासून लांबच्या बाजूला, म्हणजे पाणी जिकडून बाहेर पडणार तिकडेच हव्यात.

रंग हिरवा आहे तो शोभेसाठी नाही. हिरव्यावर पिवळं सोनं, काळी रेती (शेवटपर्यंत सोन्यासोबत राहणारे जड लोहखनिजाचे दाणे) आणि लालसर गार्नेट ही तिन्ही स्पष्ट वेगळी दिसतात. काळ्या पॅनवर सोनं उठून दिसतं, पण काळी रेती दिसेनाशी होते, आणि काळी रेती किती उरली हे दिसणं शिकणाऱ्याला फार गरजेचं. प्लास्टिकचा आणखी एक फायदा म्हणजे चुंबक वापरता येतं. लोखंडी पॅनमध्ये चुंबक पॅनलाच चिकटतं. उणीव एकच: ऑस्ट्रेलियाच्या उन्हात गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवला तर प्लास्टिक वाकडं होऊ शकतं, आणि तळ सपाट राहिला नाही की माल एका बाजूला घसरत राहतो.

नवा पॅन दुकानातून थेट ओढ्यावर नेऊ नका. साच्यातून सुटावा म्हणून प्लास्टिकवर तेलकट थर राहिलेला असतो. सोन्याला पाण्यापेक्षा तेल जवळचं. बारीक कण त्या तेलाने पृष्ठभागावर तरंगू लागतो आणि पाण्याबरोबर डोळ्यांदेखत निघून जातो. भांडी घासायचा साबण आणि मूठभर बारीक वाळू घेऊन पॅन आतून दोन-तीनदा घासा, खाचांत जुना टूथब्रश फिरवा. पाणी ओतल्यावर ते थेंबाथेंबांनी न साचता एकसंध पसरलं, की पॅन तयार झाला. लोखंडी पॅन विस्तवावर तापवून तेल जाळतात. ही कृती प्लास्टिकवर चुकूनही करायची नाही. सनस्क्रीन लावलेले हात, डब्यातल्या पुरीचं तेल लागलेली बोटं, यांनीही तोच घोटाळा होतो. जेवण झालं की हात साबणाने धुऊनच पॅन धरा. बारीक सोनं असलेल्या ठिकाणी पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की तरंगणं बंद होतं. हा थेंब घरच्या टबात टाकायचा, वाहत्या ओढ्यात नाही.

ओढ्यावर जाण्याआधी घरच्या अंगणात दोन संध्याकाळी सराव करा. मासेमारीच्या गळाला लावतात ते शिशाचे बारीक छर्रे घ्या, हातोडीने चेपून चपटे करा आणि कात्रीने तांदळाच्या कणीएवढे तुकडे पाडा. बरोबर दहा मोजा. पॅनभर वाळू-खडीत ते मिसळा, टबात बसून रोळा, शेवटी किती उरले ते मोजा. शिसं पाण्याच्या ११.३ पट जड, सोनं १९.३ पट, शिसं राखता आलं तर सोनं राहणारच. पहिल्या दिवशी दहातले पाच-सहा उरले तरी निराश होऊ नका. लागोपाठ पाच वेळा दहाच्या दहा आले की हात बसला असं समजा. हे न करता थेट ओढ्यावर गेलं तर रिकाम्या पॅनचा अर्थच लागत नाही: जागेत सोनं नव्हतं की आपण घालवलं, हे कळायला मार्ग उरत नाही. शिसं हाताळल्यावर हात धुवा आणि तुकडे लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा.

आता प्रत्यक्ष रोळण्याची रीत, आणि ती तशीच का, हेही.

पॅन निम्मा ते दोन-तृतीयांश भरा, त्याहून जास्त नाही. तो पाण्याखाली पूर्ण बुडवा आणि हाताने माल कालवा. चिकणमातीची ढेकळं बोटांनी चुरगाळून पूर्ण विरघळवा. ढेकूळ तसंच राहिलं तर पॅनमध्ये घरंगळत ते सोन्याचे कण स्वतःला चिकटवून घेतं आणि शेवटी बाहेर जाताना घेऊन जातं. पाणी गढूळ असेपर्यंत हेच करत राहा. मोठे गोटे पाण्यातच खळबळून धुऊन बाजूला काढा.

मग पॅन सपाट धरून पाण्याखाली डावी-उजवीकडे जोरात, पण आखूड हेलकावे द्या, २० सेकंद तरी. नवशिक्यांकडून सर्वांत जास्त टाळली जाते ती हीच पायरी. या हेलकाव्यांत थर बसतात: जड खाली, हलकं वर. पाण्यात हे का जमतं याचा हिशेब सोपा आहे. हवेत सोनं (१९.३) वाळूच्या (२.६५) सव्वासात पट जड. पाण्यात प्रत्येक वस्तूला पाणी उचलून धरतं, म्हणून दोन्हींमधून एक-एक वजा करायचा: सोन्याचे १८.३, वाळूचे १.६५. झाले अकरा पट. काळी रेती, म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट, ५.२ची, पाण्यात सोनं तिच्या जेमतेम सव्वाचार पट जड उरतं. म्हणून वाळू भराभर जाते आणि काळी रेती शेवटपर्यंत चिकाटीने सोन्याजवळ बसून राहते. तिथेच संयम लागतो.

थर बसले की रिफलची बाजू खाली करून पॅन पुढे कलता करा, कड पाण्याच्या पातळीला आणा, आणि पॅन पुढे-मागे हलवत वरचा थर लाटेबरोबर सोडा. पाच-सहा लाटा झाल्या की थांबा. पॅन परत सपाट करा, पुन्हा हेलकावे, पुन्हा थर. ही आलटून-पालटून फेरी आठ-दहा वेळा झाली पाहिजे. एकदाच हेलकावे देऊन सगळी वाळू सोडत बसलात तर मधल्या वेळात खालचं सोनं वर सरकतं आणि जातं. काळी रेती दोन चमचे उरली की पाण्याखालचं काम थांबवा. पॅनमध्ये वाटीभर पाणी घ्या, पॅन हळूच गोल फिरवा. रेती पंख्यासारखी पसरते आणि तिच्या शेपटीला सोनं असलं तर पिवळी रेघ दिसते. पॅनच्या कडेला बोटाने टिचक्या मारल्या की रेती पुढे सरकते, सोनं जागेवर राहतं.

सराव झालेल्या माणसाला एका पॅनला पाच मिनिटं लागतात. सुरुवातीला पंधरा लागली तरी चालतील.

चमकतं ते सगळं सोनं नसतं हे सांगायला नको, पण ओळखायचं कसं हे सांगायला हवं. पॅनवर अंगाची सावली धरा. अभ्रक आणि सोनमाखी (पायराइट, सोन्यासारखं दिसणारं खनिज) उन्हात लखलखतात, सावलीत विझतात. सोनं सावलीतही तितकंच पिवळं राहतं. अभ्रक पाण्यात तरंगत पुढे पळतं. शंका राहिलीच तर सुईच्या टोकाने दाबा: सोनमाखीचा चुरा होतो, सोन्याला खळगा पडतो. चांदीसारखा पांढुरका कण मिळाला तर तो फेकू नका आणि घरी तापवूही नका. जुन्या खाणींच्या भागात पूर्वी वापरलेला पारा सोन्यावर बसलेला असतो, आणि तापवल्यावर त्याची वाफ विषारी.

संचातल्या बाकी वस्तूंमध्ये स्नफर बाटली सर्वांत उपयोगी. मऊ प्लास्टिकची बाटली, तिच्या तोंडातून आत खोलवर जाणारी नळी. आधी दाबायची, मग नळीचं टोक पाण्याखाली कणाजवळ न्यायचं, मग सोडायची. कण ओढला जातो आणि नळी आत उंच असल्यामुळे परत बाहेर पडत नाही. उलटं केलं, म्हणजे कणाजवळ नेऊन मग दाबली, तर बुडबुड्यांनी सोनं पॅनभर उधळतं. बाटली उभीच ठेवा. नळी बुचात सैल बसली असेल तर हवा ओढली जाते आणि जोर कमी पडतो. घेतानाच ती ओढून पाहा.

चिमट्याचा उपयोग फार कमी. तांदळाच्या कणीएवढा दाणा उचलायला तो ठीक, पण चपटा बारीक कण चिमट्यातून उडतो. त्यापेक्षा कोरड्या बोटाचं टोक कणावर दाबा, तो चिकटतो. पाण्याने काठोकाठ भरलेल्या कुपीत बोट बुडवलं की सुटतो. कुपी अर्धी रिकामी ठेवली तर कण पाण्यावर तरंगतात आणि झाकण लावताना आट्यांत अडकतात. ओढ्यावर प्लास्टिकची कुपी वापरा, काचेची घरी.

चाळणीबद्दल तक्रार नाही, पण ती काय करते हे समजून घ्यायला हवं. पॅन-संचात येणारी चाळणी साधारण अर्ध्या इंचाच्या छिद्रांची असते. मोठे गोटे बाजूला काढायला ती उत्तम, कामाचा वेळ अर्धा करते. पण बारीक सोनं सोडवायला तिचा काही उपयोग नाही. घरी आणलेली काळी रेती आणखी दोन चाळण्यांतून काढली तर सोनं पटकन वेगळं होतं, कारण एकाच आकाराचे दाणे एकत्र रोळले की फक्त वजनाचा फरक उरतो. ८ नंबरची जाळी (सुमारे २.४ मिलिमीटर) आणि ३० नंबरची (सुमारे ०.६ मिलिमीटर) या दोन घेतल्या की पुरे. सुरुवातीला विकत घ्यायच्याही नाहीत: एक जुनी पिठाची चाळणी आणि एक चहाची गाळणी कायमची या कामाला द्या, पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. चाळणीवर राहिलेले गोटे न पाहता फेकण्याची मोठी चूक मात्र करू नका. अर्ध्या इंचाहून मोठा सोन्याचा खडा, किंवा सोन्याची शीर असलेला गारगोटीचा तुकडा, चाळणीच्या वरच राहणार. गोटे धुवा, पसरा, नजर फिरवा, मग टाका. व्हिक्टोरियात हे फार खरं: ५ फेब्रुवारी १८६९ रोजी मोलियागुलला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना मिळालेला 'वेलकम स्ट्रेंजर' हा सोन्याचा प्रचंड खडा जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर, झाडाच्या मुळाशी होता.

छोटा पॅन संचात असेल तर ठेवा. दिवसभराची काळी रेती शेवटी त्यातच साफ करायला बरी पडते. सुटं घेत असाल तर त्याच्यावर वेगळा खर्च करायची गरज नाही.

संचात नसतात पण लागतात अशा वस्तू: अरुंद तोंडाचं मजबूत खुरपं, खडकाच्या फटी खरवडायला वाकड्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर, दोन २० लिटरच्या बादल्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि चुंबक. बादली खडीने काठोकाठ भरली तर ३० किलोच्या वर जाते; निम्मीच भरा, नाहीतर पाठ धरते. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओल्या रेतीवरून अलगद फिरवा, पिशवीबाहेर जमलेली रेती दुसऱ्या भांड्यात पिशवी काढून सोडा. रेतीबरोबर चार कण अडकून जातातच, म्हणून ती परत एकदा रोळा. सगळी काळी रेती चुंबकाला येत नाही, इल्मेनाइट आणि हेमाटाइट मागे राहतात. तिथे टिचक्यांशिवाय उपाय नाही.

चांगल्यातला चांगला पॅन चुकीच्या जागी काही देत नाही. पाण्याचा वेग जिथे एकाएकी मंदावतो तिथे सोनं खाली बसतं: वळणाच्या आतल्या काठाला, मोठ्या खडकाच्या प्रवाहाखालच्या बाजूला, अरुंद भाग संपून ओढा रुंद होतो तिथे. वरच्या मोकळ्या वाळूत फारसं काही नसतं, कारण प्रत्येक पुरात सोनं खाली खाली सरकत तळखडकापर्यंत जातं. म्हणून जिथे तळखडक उघडा आहे आणि त्याच्या फटी प्रवाहाला आडव्या आहेत, ती जागा पहिली. फटीतला घट्ट बसलेला गाळ खरवडून काढा, शेवटचा चमचाभरच मोलाचा. दोन पॅनमध्ये एकही कण दिसला नाही तर तीन-चार मीटर सरका. एकाच खड्ड्याशी दिवस घालवू नका. काठ पोखरणं आणि झाडांची मुळं उघडी पाडणं टाळा, त्याने काठ ढासळतो.

सुरुवातीला क्रेझिकचा स्लेटी क्रीक चांगला. बॅलराटपासून उत्तरेला १८ किलोमीटरवरचं हे गाव, आणि ओढ्यावर पॅन घेऊन बसलेली माणसं नेहमी दिसतात. उन्हाळ्यात व्हिक्टोरियातले कित्येक ओढे आटतात, म्हणून हिवाळा आणि वसंत ऋतू, म्हणजे साधारण जून ते नोव्हेंबर, हा काळ धरा. उन्हाळ्यात साप असतात आणि वणव्याच्या धोक्याचे दिवस जाहीर होतात. त्या दिवशी जाऊ नका. जुन्या खाणींचे उघडे कूप गवतात लपलेले असतात, मुलांचा हात सोडू नका. खाणीच्या जुन्या मळीच्या ढिगांत आर्सेनिक असतं. तिथे खेळू देऊ नका, आणि डबा उघडण्यापूर्वी हात धुवा.

आता अपेक्षा. अर्धा मिलिमीटर लांब-रुंद आणि त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा जाड सोन्याचा कण साधारण अर्धा मिलिग्रॅम भरतो. एक गुंज म्हणजे सुमारे १२१ मिलिग्रॅम. म्हणजे गुंजभर सोन्याला असे अडीचशे कण लागतात, आणि तोळ्याला अशा ९६ गुंजा. दिवसाकाठी दहा-वीस कण मिळाले तर नवशिक्याचा दिवस चांगला गेला. पेट्रोलही वसूल होणार नाही. मिळकतीच्या हिशेबाने हा संच घेणाऱ्याला तो महिन्याभरात माळ्यावर टाकावासा वाटेल. ओढ्याकाठचा दिवस, आणि कोट्यवधी वर्षं खडकात असलेला कण आपल्या हाताने वेगळा केल्याचा आनंद ज्याला पुरतो, त्याच्यासाठी हा आहे.

मेटल डिटेक्टर आधी घ्यावा का, असं हमखास विचारलं जातं. डनॉली, टार्नागुला, वेडरबर्न या 'गोल्डन ट्रँगल'च्या कोरड्या भागात खडे शोधायला डिटेक्टरच लागतो, हे खरं. पण सोन्यासाठी बनवलेला चांगला डिटेक्टर हजारो डॉलरचा असतो, तिथली लोहयुक्त जमीन त्याला सतत खोटे आवाज काढायला लावते, आणि पॅनमध्ये मिळतात ते कण त्याला ऐकूही येत नाहीत. शिवाय डिटेक्टरने शिसं आणि जुने खिळे उकरताना जमीन कशी वाचायची ते समजत नाही. ते पॅन शिकवतो. एक हिवाळा पॅनवर काढा, मग ठरवा.

किमतीचं सांगायचं तर नुसता १४ इंची पॅन २० ते ४० डॉलरच्या दरम्यान मिळतो. एकट्या माणसाने पॅन, स्नफर बाटली आणि दोन कुप्या सुट्या घेतल्या तर काहीच अडत नाही; चाळणी नंतर घेता येते. मुलं बरोबर येणार असतील तर संच घ्या, कारण छोटा पॅन लगेच त्यांच्या हातात जातो आणि मोठ्याला आपला पॅन शांतपणे रोळता येतो. दुकानात पॅन उलटा करून तळ टेबलावर टेकवून पाहा, डुगडुगला तर दुसरा मागा. खाचांवरून नख फिरवा. कड बोथट लागली, किंवा साच्याचं प्लास्टिक खाचेत साचलेलं असलं, तर तोही नको.